तलावाकाठचे दोन दोस्त

सासूबाईंनी आपल्या वडिलांना कधी पाहिलं नव्हतं. त्या पोटात असतानाच ते गेले. मागे उरला एकच फोटो, त्यात भला मोठा मासा पुढ्यात घेऊन तलावाकाठी ऐटीत उभे असलेले दोन दोस्त, आणि त्यातले वडील कोणते हे सांगणारं आता कोणीच नाही. "ते डावखुरे होते," असं त्यांची आई म्हणायची, तीही त्या लहान असतानाच गेली; एवढ्याच भांडवलावर सासूबाईंनी डाव्या हातात गळाची काठी धरलेल्या मिशाळ, देखण्या गृहस्थाला वडील मानून टाकलं होतं.

जुने फोटो दुरुस्त करणं हा माझा धंदा. घरचाच जावई, म्हणून त्या रविवारी सकाळीच आल्या आणि माझ्या उजव्या हाताला खुर्ची टाकून बसल्या.

"मरायच्या आधी एकदा तरी त्यांना नीट ओळखायचंय हो," त्या म्हणाल्या.

स्क्रीनवरचे डाग पुसता पुसता मला होडीवरची उलटी अक्षरं दिसली आणि हसूच फुटलं.

"आई, फोटो उलटा छापलाय. निगेटिव्ह पालथी पडली असणार. म्हणजे डावखुरा हा उजवीकडचा, उजव्या हातात काठी धरलेला काडीपैलवान!"

"अगं बाई! जन्मभर मी भलत्याच्याच पाया पडले?"

"कान बघ ना आई, अगदी तुझेच," बायको मागून डोकावत म्हणाली, आणि आम्ही तिघं पोट धरधरून हसलो. सासूबाईंचे डोळे भरून आले. मलाही फार बरं वाटलं.

मी फोटो सुलटा केला. अक्षरं वाचता येऊ लागली, माशाचं तोंड फिरलं, मिशाळ डावीकडून उजवीकडे गेला. काडीपैलवान मात्र उजवीकडेच राहिला. काठी डाव्या हातात आली होती, पण माणूस जागचा हलला नव्हता; तो मिशाळाच्या खांद्यामागे उभा होता आणि डावीकडे नुसतं पाणी होतं. मी पुन्हा उलटवला, पुन्हा सुलटवला. तो तिथेच.

"कॉम्प्युटर बिघडला वाटतं," मी पुटपुटलो.

"थांबा, जावईबापू. हात लावू नका कशाला."

सासूबाई उठल्या. खुर्ची उचलून त्यांनी माझ्या डाव्या हाताला ठेवली, पदर सारखा केला आणि लहान मुलीसारख्या ताठ बसल्या. माझे दोन्ही हात मांडीवर होते. मिशाळाच्या मागे आता कोणी नव्हतं; काडीपैलवान डावीकडे, सासूबाईंच्या बाजूला, पाण्यापुढे उभा होता.

"आले," सासूबाई हसून म्हणाल्या.