घोड्यांच्या पाठीवरचे पोचे

तिसऱ्या घोड्याच्या केबिनलाही मागून पोचा पडला, तेव्हा वहिनींच्या मनात संशयाचा किडा वळवळायला लागला. ट्रकच्या पुढच्या, ओढणाऱ्या भागाला यार्डात घोडा म्हणत. त्याच्यामागे ट्रेलर जोडला की गाडी पुरी. नवरा गेल्यापासून यार्ड वहिनीच बघत होत्या, वर्कशॉप धाकट्या दिराकडे होतं. तिन्ही घोड्यांना एकाच ड्रायव्हरच्या हातून पोचे पडले होते, आणि तो ड्रायव्हर म्हणजे नवऱ्याचा जिवलग दोस्त, सगळ्यांचा पैलवान.

पैलवान म्हणाला, मी वर्षानुवर्षं वळवतो तसाच वळवतो. दिराला विचारलं तर तो पाना पुसत राहिला आणि ‘बघतो’ म्हणाला. एरवी टायरच्या हवेवरही अर्धा तास बोलणारा माणूस! वहिनींना ते गप्प राहणंच खटकलं. दीर आणि पैलवान यांचं आधीपासून विळ्याभोपळ्याचं सख्य. थोरला भाऊ असताना पैलवानाचा शब्द खाली पडत नसे, ते दिराला सलायचं. म्हाताऱ्याला बदनाम करून घालवायचं, आपला माणूस आणून बसवायचा, आणि उद्या माझ्याच खुर्चीवर... वहिनी मनातल्या मनात इथवर जाऊन पोचल्या. मग दीर हसला तरी त्यांना त्यात काळंबेरं दिसू लागलं.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या ऑफिसच्या मागच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. सगळे शेडमध्ये डबे उघडून बसलेले. दीर मात्र पैलवानाच्या सुट्या घोड्यामागे वाकून हातोड्याने काहीतरी ठोकत होता. मधेच मान वर करून इकडेतिकडे बघायचा. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! वहिनी तडक खाली उतरल्या.

‘‘काय चाललंय भाऊजी?’’

दीर दचकला. ट्रेलरचं तोंड जिच्यावर टेकतं ती ग्रीसने माखलेली तबकडी त्याच्या हाताखाली सुटी झाली होती.

‘‘तबकडी मागे घेतोय.’’

‘‘मागे, की पुढे? पुढे सरकली की ट्रेलर केबिनवर येतो, एवढं मलाही कळतं.’’

या प्रश्नातला काटा त्याला बरोबर टोचला. चेहरा उतरला. तो एवढंच म्हणाला, ‘‘पैलवानाला बोलवा वहिनी. त्यालाच विचारा.’’

पैलवान आला, तबकडी बघितली आणि खाली मान घालून उभा राहिला. मग अडखळत त्याने सांगितलं. तबकडी मागे असली की स्टिअरिंग हलकं लागतं, चढावर पुढची चाकं जमीन सोडतील असं वाटून जीव घाबरतो. म्हणून तो ती गुपचूप पुढे सरकवायचा. जुन्या ट्रेलरांना ते खपून गेलं. नवे ट्रेलर थंड मालाचे. त्यांच्या नाकावर गारवा राखणाऱ्या यंत्राची पेटी पुढे आलेली. वळताना तिचा कोपरा केबिनलाच जाऊन धडकायचा. हे ध्यानात आलं तेव्हा सांगायला तोंड उरलं नव्हतं, आणि भीतीपोटी सवयही सुटत नव्हती.

‘‘आणि भाऊजी, तुम्हाला हे माहीत होतं?’’

‘‘पहिल्या पोच्यापासून. पण तुम्ही त्याला काढलं असतंत. दादा गेल्यावर त्याला या यार्डाशिवाय आहे कोण?’’

म्हणजे हा रोज मागे ओढायचा आणि तो वाटेत परत पुढे ढकलायचा. वहिनींना हसावं की रडावं कळेना. आधी त्यांनी दोघांनाही चांगलं फैलावर घेतलं. मग तबकडी मागे पक्की करून नवा ट्रेलर जोडायला लावला, पैलवानाला केबिनमध्ये बसवून गाडी मुंगीच्या पावलाने दोन्हीकडे पुरती वळवायला सांगितली. उजवीकडे वहिनी, डावीकडे दीर. पेटीचा कोपरा केबिनजवळ येत गेला आणि वितीभर अंतर राखून निघून गेला.

‘‘भाऊजी, मी तुमच्याबद्दल भलतंच...’’ वहिनी हळूच म्हणाल्या.

‘‘नजर गाडीवर ठेवा वहिनी,’’ दीर म्हणाला.

तेव्हापासून घोडा-ट्रेलरची जोडी बदलली की गाडी आधी यार्डातच दोन्हीकडे वळवून बघायची, मगच फाटकाबाहेर काढायची, असा नियम झाला. कुठल्या ट्रेलरला तबकडी कुठे हवी, त्याच्या खुणा दिराने रंगाने केल्या. पैलवानाकडे फक्त जुने ट्रेलर राहिले. तो कुरकुरला, पण राहिला. पोचे थांबले. दीर मात्र बरेच दिवस वहिनींशी कामापुरतंच बोलला, आणि त्यांनीही त्याला त्याबद्दल टोकलं नाही.