ध्रुवगामीचा पहिला खिळा

मुसा तांडेलाशी माझं कधी पटलं नाही, आणि पटावं असं मला वाटतही नव्हतं. राजिवड्याला त्याचं घर माझ्या घराच्या खालच्या अंगाला. त्याचं आयुष्य गलबतावर गेलेलं, माझं शाळेत. साप्ताहिकात दर सोमवारी माझी गोष्ट यायची: ताऱ्यांमधून फिरणारं एक जहाज, ‘ध्रुवगामी’. एकोणीसशे अठ्ठावीसपासून सहा वर्षं मी ते उडवत होतो. लोक मला मास्तर कमी आणि ध्रुवगामीवाले जास्त म्हणत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मुसाला वाचता येत नसे. त्याची सून कुलसुम मराठी चौथी शिकलेली. ती वाचून दाखवी, आणि मंगळवारी सकाळी हा म्हातारा माझ्या दगडी कुंपणाच्या गडग्यापाशी हजर.

"मास्तर, जहाज किती वर्षांचं तुमचं?"

"साठ."

"एकदा तरी वर ओढलंत? खिळे बदललेत?"

"ते लाकडाचं नाही."

"कशाचंबी असूंदे. पंचवीस वर्षांच्या वर नाव म्हणजे मढं. मढ्यावर माणसं बसवून फिरवताय तुमी. मोडा ते."

"आणि तुमची सलामती?"

सलामती त्याचं गलबत. एकोणचाळीस वर्षांचं, पावसाळ्यापुरतं किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांखाली ठेवलेलं. नारळी पुनवेनंतर त्याचा मुलगा, कुलसुमचा नवरा हारुन तिच्यात लाकूडफाटा भरून मुंबईला निघणार होता.

"तिला मी ओळखतो," मुसा म्हणाला.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी तसं तोंडावर म्हणालो. तो गडग्यावर थुंकला आणि गेला.

पुनवेला आठ-दहा दिवस उरले असताना कुलसुम आली. हातात सुरी होती.

"मास्तर, सलामतीच्या तळाला ही टोचली. मुठीपर्यंत गेली." पात्यावर काळा, ओला भुसा होता. "यांना दाखवली. हे म्हणतात, नाव बाची आहे."

राजिवड्यात रीत होती. नावेचा पहिला खिळा ज्यानं मारला, मोडताना पहिला खिळा त्यानंच काढायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. सलामतीचा पहिला खिळा मुसानं मारला होता.

"मी काय करू?"

"तुमचं जहाज मोडा. सासरे तुमाला शिव्या घालतात, पण सोमवारी मला भाकरी भाजू देत नायत. आधी वाच म्हणतात. ते ऐकून तरी खिळा काढतील."

मी नाही म्हणालो. त्या थेरड्याच्या हट्टापायी मी माझं जहाज का मोडावं?  कुलसुम सुरी पदराला पुसून निघून गेली. पदरावरचा तो काळा डाग मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. हारुनला मी मुळाक्षरं शिकवली होती.

मी लिहिलं. ध्रुवगामीचा म्हातारा कप्तान जहाजाच्या तळाला सुरी टोचतो, ती मुठीपर्यंत जाते, तो सगळ्यांना खाली उतरवतो आणि पहिला खिळा स्वतःच्या हातानं उपटतो. लिहिताना मी रडलो आणि मुसाला मनसोक्त शिव्या दिल्या.

सोमवारी ते छापून आलं. मंगळवारी मुसा आला नाही. बुधवारी आला. वीतभर लांबीचा गंजका खिळा त्यानं माझ्या ओटीवर फेकला.

"काढला. नाव फोडायला माणसं लावली."

मला हायसं वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं असावं.

"तुमचं जहाज लाकडाचं नाय म्हणाला होतात," तो म्हणाला. "मग सुरी मुठीपर्यंत गेली कशी?"

मी वाकून खिळा उचलला.

"माझ्या घरातली बाई माझ्या नावेचं गाऱ्हाणं घेऊन तुमच्या दारात आली. आजपास्नं तुमची माझी बोली बंद."

हारुन त्या वर्षी दुसऱ्याच्या गलबतावर खलाशी म्हणून गेला आणि धडधाकट परत आला. मुसा रोज गडग्यावरून जायचा, मान वळवून. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, आणि मीही काही कमी नव्हतो.

दिवाळीला संपादकांनी नवं जहाज मागितलं. पहिल्याच भागात मी नियम घातला: पंचवीस वर्षं चालेल, मग मोडायचं. मंगळवारी सकाळी मी गडग्यापाशी जाऊन उभा राहिलो. मुसा समोरून गेला. पाठोपाठ पाण्याला निघालेली कुलसुम क्षणभर थांबली.

"मी वाचलं त्यांना," ती हळूच म्हणाली. "म्हणाले, पंचवीस फार झाली. नवख्या हाताच्या नावेला वीस पुरेत."

पुढच्या सोमवारी मी वीस केली. तरी तो आला नाही.