येताना गावातून

भामाबाईने करवंदीची तोडलेली फांदी कोयत्याच्या टोकाने ओढत आणली आणि बांधाच्या फटीत घातली. वरून पायाने दाबली. काटे एकमेकांत अडकले, तशी ती दुसरी फांदी आणायला वळली. भात कापून झालं होतं. खाचर कोरडं पडलं होतं, आणि त्याच्या कडेने जाणारी मुरमाची वाट आता त्या काट्यांशी येऊन थांबत होती.

खालून दोन सायकली वर चढत आल्या. जाड चाकांच्या, खडीवरही न घसरणाऱ्या. पुढच्या सायकलीवर तिची नात पायल होती. मागे मानसी, तळेगावच्या सायकल क्लबची. पायलने ब्रेक दाबला.

"आजे, हे काय?"

"काटं."

"ते दिसतंय. काल न्हवतं."

"काल घातलं न्हवतं."

मानसी हसली. मग दोघींचे चेहरे पाहून तिने हसू आवरलं आणि हेल्मेट काढून भामाबाईला नमस्कार केला.

मानसी दोन हिवाळे अशा वाटा शोधत होती. जिथे मोटारी जात नाहीत, हॉर्न ऐकू येत नाही, अशा वाटा. कामशेतच्या अंगाने निघायचं, डोंगराच्या कुशीतून पवनेच्या पाण्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, असा एक मोठा फेरा तिने जवळजवळ जुळवत आणला होता. मधला एवढाच तुकडा राहिला होता, आणि तो भामाबाईच्या खाचराच्या कडेने जात होता. दर शनिवार-रविवारी पुण्याहून माणसं येणार होती. त्यांना घेऊन जायचं काम पायलचं. न्याहारी पायलच्या वस्तीवर. हे जमलं तर पायल कारखान्यातली कंत्राटी नोकरी सोडणार होती. तळेगावची बस गाठायला रोज अंधारात घर सोडावं लागे, ते थांबणार होतं.

"जनावरं शिरत्यात खाचरात," भामाबाई म्हणाली.

"गावात जनावरं राहिलीत कुनाची? आन खाचरात आता हाय काय खायाला?"

"आजी, तुमच्या पिकाला धक्का लागणार नाही," मानसी म्हणाली. "भात निघाल्यावरच आम्ही येऊ. पावसाळ्यात नाहीच."

"तुमचं काय न्हाई वो बाई. तुमी कुटनंबी जावा."

"मग?"

"हिला नगं हितनं."

पायलने सायकल बांधाला टेकवली. मानसी वाटेकडे पाहत म्हणाली, "इतकी शांत वाट मी मावळात कुठे पाहिली नाही. गावाला इतकी लागून, आणि तरी एक माणूस दिसत नाही. कुणी येत कसं नाही इकडून?"

"ज्यांला यावं लागायचं, त्यांनी सोडली," भामाबाई म्हणाली. "बाकीचे कदी येतच न्हवते."

ती बांधावर बसली. तळव्यात शिरलेला काटा शोधायला तिने पाय मांडीवर घेतला आणि बोलली ती त्या पायाकडे पाहूनच.

"सरळ रस्ता देवळाम्होरनं. तिकडनं आपल्याला बंदी. दळान, सरपान, मयत, समदं हितनं. बुद्ध झालो तरी वाट हीच. माजी वरात बी हितनंच आनली. वाजंत्री मुकाट चालले, गाव मागं पडल्यावर वाजावलं. मला वाटलं, हिकडं रीतच आसंल तशी."

पायल आजीकडे वळली.

"मग रस्त्यानं कधी जायला लागलो आपण?"

"तुजा आजा एक दिस दळनाचा डबा डोक्यावं घिऊन तिकडनं निगाला. मार खाल्ला. दुसऱ्या दिशी परत निगाला. मग त्याच्या मागनं चार पोरं गेली. मग बाया. तवापासनं हिकडं कोन फिरकलं न्हाई."

"हे तू कधी बोलली न्हाईस."

"बोलून काय करायचं? तुला हितनं जावं लागलं न्हाई, तेवडंच बघितलं मी."

काटा निघाला. तिने तो बोटाने उडवून दिला.

"आजी, मला माहीत नव्हतं," मानसी हळूच म्हणाली. "मी दुसरी वाट बघते."

"दुसरी नाही, ताई," पायल म्हणाली. "एकतर ही, नाहीतर डांबरी. डांबरीवर तुमची माणसं येणार नाहीत."

ती आजीच्या शेजारी बसली. खालच्या वस्तीतून मिक्सरचा आवाज आला आणि थांबला.

"आजे, मला कुनी घालत न्हाई ह्या वाटंला. मी घिऊन जानार हाय लोकांला. पुढं मी, मागनं ती."

"पुन्याची मानसं तुज्या मागनं?"

"व्हय. न्हाईतर चुकतील ना ती."

भामाबाईने हात लांब करून सायकलचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं, बैल बाजारात पाहावा तसं.

"जाशील हितनं. आन येशील कुटनं?"

"हितनंच."

"न्हाई." तिने पदर खोचला. "जाताना हितनं जा. येताना गावातनं या. देवळाम्होरनं. आन तू पुढं."

"पण आजी," मानसी म्हणाली, "गावात ट्रॅक्टर, दुधाच्या गाड्या. लोक मुद्दाम गाड्या नकोत म्हणून येतात..."

"ताई," पायल म्हणाली, "येताना गावातून."

मानसीने एकदा नातीकडे, एकदा आजीकडे पाहिलं. मग मान हलवली.

भामाबाईने कोयता पायलच्या हातात दिला.

"काड मग काटं. घालूस्तवर कंबार मोडली माजी."

*

पहिल्याच रविवारी, ऊन पारावर आलं तेव्हा भामाबाई देवळापुढे येऊन उभी राहिली. न्याहारीचं तिची सून सविता बघत होती. भामाबाईचं लुगडं धुतलेलं होतं, पायांत नवी चप्पल होती. पारावर अंबाजी बसला होता, तिच्याच वयाचा, गावातला मोठा शेतकरी. रस्त्यात आडवी त्याची ट्रॉली उभी होती, आणि मुलगा कैलास तिच्यातून विटा उतरवत होता.

"भामे, आज हिकडं कुटं?"

"नात यायचीय."

"ती तर मागल्या वाटंनं गेली. सकाळी बघितलं मी. ही सायकलींची रांग! काय सोनं गावलं म्हनायचं त्यांला तितं?"

"येताना हितनं येनार हाय."

"हितनं?" अंबाजीने तळहातावरच्या तंबाखूला चुना लावला. "आगं, गाड्या नगं म्हनून डोंगरात शिरत्यात ती मानसं. त्यांला गावात आनून काय माजा टॅक्टर दावतीस?"

"त्यांला गाव दावायचं. आन गावाला पायल."

अंबाजी तंबाखू मळत होता, तो थांबला. त्याने देवळापुढच्या रस्त्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर तंबाखूवर आणली. चिमूट दाढेखाली धरायचीच राहिली. तो मोठ्याने ओरडला,

"कैलास! टॉली माघारी घे. रस्ता मोकळा कर."

"आबा, निम्म्या विटा ऱ्हायल्यात."

"ऱ्हाऊ दे. मानसं येत्यात."

ट्रॉली गुरगुरत बोळात शिरली. भामाबाई पारापासून दोन हात अंतरावर उभी होती. अंबाजी थोडा सरकला, बसायला जागा झाली. ती बसली नाही, पण एक हात पारावर टेकवला.

मग सायकली आल्या. पुढे पायल. देवळापुढे ती थांबली नाही, तिने वेगही वाढवला नाही. आजी दिसली तेव्हा तिने एक हात सोडला आणि खड्डा आला म्हणून पुन्हा धरला. दारांत बाया येऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, "ही गोरखभाऊची नात का?" कुणीतरी म्हणालं, "तीच तर." पायलच्या मागून धुळीने माखलेली माणसं एकामागोमाग गेली, तिने ज्या खड्ड्याला वळसा घातला त्याला वळसा घालत.

सगळ्यात मागचा एक पिकल्या मिशांचा गृहस्थ पाणी प्यायला नळापाशी थांबला.

"आजी, ते वरचं शेत तुमचंच ना? पायलने सांगितलं. काय तिकोना किल्ला दिसतो हो तिथून! वळणावर मी उभाच राहिलो."

"तिकोना?"

"अगदी समोर. कधी दिसला नाही तुम्हाला?"

"दिसत आसंल," भामाबाई म्हणाली. "आमी खाली बघून चालायचो. डोक्यावं वझं आसायचं."

त्याला आणखी काहीतरी विचारायचं होतं. पण पुढचे लांब गेले होते. तो निघाला.

धूळ खाली बसली. बाया आत गेल्या. भामाबाईने पदर सारखा केला. घर समोरच्या रस्त्याने सरळ खाली होतं. ती चार पावलं तिकडे गेली, उभी राहिली, आणि देवळाशेजारच्या बोळाकडे वळली. तो बोळ वर मागल्या वाटेला मिळत होता.

"भामे," अंबाजी पारावरून म्हणाला, "घरला तिकडनं कुटं?"

"रस्त्यावं लय गर्दी झाली आज," ती म्हणाली आणि मान वर करून चढाला लागली.

अंबाजीने रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं.