मेसाची सुई

“आकाराम कोण हो तुमच्यात?”

लेथच्या घरघरीतही आकारामला ते ऐकू गेलं. उद्यमनगरातल्या त्या शेडमध्ये बाईमाणसाचा आवाज सहसा यायचा नाही. त्यानं मशीन बंद केलं आणि चिंधीला हात पुसत तो दाराशी आला. उंबऱ्याबाहेर साठीच्या एक बाई उभ्या होत्या. कपाळावर विभूतीची बारीक रेघ, उजव्या खांद्याला कापडी पिशवी, डावा हात पदराखाली झाकलेला. पाठीमागं त्यांची रिक्षा थांबली होती.

बाईंनी पिशवीतून विणायची एक सुई काढली आणि त्याच्यापुढं धरली. दहा नंबरची, स्टीलची, टोकाला पितळेची घुंडी.

“ही तू केलीस?”

आकारामनं सुई ओळखली. आठ वर्षांपूर्वी त्याची बायको बायडाबाई शाहूपुरीत विणकामाच्या क्लासला जायची. दुकानातल्या सुयांना लोकर अडते म्हणून कुरकुरायची, तेव्हा त्यानं उरलेल्या सळीची एक जोडी करून दिली होती. पुढं तिच्या मैत्रिणी मागत गेल्या आणि तो जेवणाच्या सुट्टीत करत गेला. सुई तक्रार घेऊन परत आली असणार असं त्याला वाटलं.

“व्हय, मीच. का, काय झालं?”

“काय व्हायचंय? आठ वर्षं वापरतीय. टोकाला अजून ओरखडा न्हाय.” बाई दाराशी ठेवलेल्या खुर्चीत बसल्या. “मी रुद्राणी. तुझी बायडा माझ्याकडंच शिकली. माझ्या क्लासातल्या पोरीला दिवस गेले की ओटीत मी लोकरीचा गुंडा घालते आणि तुझ्या सुयांची जोडी. ठाऊक हाय तुला?”

ठाऊक नव्हतं. बावीस वर्षं आकाराम पंपाचे शाफ्ट आणि इंजिनाचे बुश करत होता. ड्रॉइंग दुसऱ्याचं, माल दुसऱ्याचा, वर छाप तिसऱ्याचा. आपण केलेली एखादी वस्तू कुणाच्या ओटीत पडत असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मग रुद्राणीआक्कांनी पदर बाजूला केला. डावा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून होता. चैत्रात अर्धांगाचा झटका आला होता. पाय सुधारला, हात नाही. क्लास बंद पडला होता. मुलगा म्हणत होता, आई, आता पुरे. ती पुढची खोली आपण एसटीडी बूथला देऊ. दसऱ्यापर्यंत थांब, एवढंच त्याच्याकडून त्यांनी कबूल करून घेतलं होतं.

“तम्मा,” त्या म्हणाल्या. माहेर संकेश्वराकडचं, त्यामुळं धाकट्या भावाला हाक मारायचा कानडी शब्द त्यांच्या तोंडात सहज यायचा. “डाव्या हातानं काय काम असतंय? नुसतं सुई धरून बसायचं. तेवढं तुझं लोखंड करंल का न्हाय?”

“करंल की,” आकाराम म्हणाला. त्याला ते अर्ध्या दिवसाचं काम वाटलं.

आठ दिवसांनी तो शाहूपुरीत गेला तेव्हा त्याच्या पिशवीत एक शिकंजा होता. टेबलाच्या कडेला बसायचा आणि डाव्या बाजूची सुई स्क्रू आवळून पकडायचा. काम देखणं होतं. आक्कांनी त्यात टाके घातलेली सुई बसवून घेतली, आणि विणायला घेणार तोच थांबल्या.

“ओळ संपली की सुया बदलाव्या लागतात. भरलेली डावीकडं, मोकळी उजवीकडं. हा स्क्रू मी सोडू कशानं? दातानं?”

आकारामला ते सुचलंच नव्हतं. तो शिकंजा परत घेऊन गेला आणि स्क्रूच्या जागी स्प्रिंगचा खटका बसवला. अंगठ्यानं दाबला की सुई सुटायची, सोडला की धरली जायची. पुढच्या रविवारी आक्कांनी खटका चार वेळा दाबून पाहिला आणि मान हलवली. त्यांनी उजवी सुई टाक्यात घातली आणि लोकर फिरवण्यासाठी ती क्षणभर सोडली.

सुई सळकन् निसटली आणि फरशीवर पडली. तिच्याबरोबर टाकाही उसवला.

त्यांनी पुन्हा घातली. सुई पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा आतल्या दारात त्यांचा मुलगा येऊन उभा होता. त्यानं सुई उचलून आईच्या हातात दिली. त्यानं काही बोलायला हवं होतं असं आकारामला वाटलं.

“राहू दे, तम्मा,” आक्का म्हणाल्या. “तू आलास, दोन रविवार घालवलेस. साकु. पुरे झालं.”

बावीस वर्षांत त्याचा जॉब कधी परत आला नव्हता. हा दोनदा आला होता, आणि आता गिऱ्हाईक मागणंही बंद करत होतं. शेडचे मालक आण्णा म्हणाले, “जाऊ दे की रं. बाईचं वय झालंय. तू काय देव हाईस?” आकारामनं मशीन पुन्हा सुरू केलं. घरी आल्यावर मात्र तो बायकोपुढं बसला.

“बायडे, मला विणायला शिकीव.”

बायडाबाई भाकरी थापायची थांबली. “काय?”

“ज्याला अवजार करायचं त्याला ते चालवता यायला पायजे. मी चालवलंच न्हाय. उगं आंधळ्यागत करत बसलोय.”

“लोक काय म्हंतील?”

“तिला येतंय तर ह्याला का यायचं न्हाय? एवढंच म्हंतील.”

ती हसली, पण शिकवलं. सुलट, उलट, परत सुलट. लोखंडाच्या कणांनी काळी पडलेली त्याची बोटं मायक्रोमीटर जेवढ्या सफाईनं फिरवायची, तेवढ्याच अडाणीपणानं लोकरीत अडकायची. पंधरा दिवसांत वीतभर पट्टी झाली. तिची एक बाजू रुंद, एक अरुंद, मध्ये दोन भोकं. बायडाबाईनं ती शेजारणीपासून लपवून ठेवली.

मग एके दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, आकारामनं शेडमध्ये डावा हात टॉवेलनं पट्ट्याला बांधला, शिकंजा बाकावर लावला आणि एका हातानं विणायला बसला. बाकीचे कारागीर डबे घेऊन भोवती जमले.

“आकाराम, आमास्नीबी मोजे कर की.”

“ह्याला दिवस गेल्यात वाटतं.”

त्यानं ऐकून घेतलं. सुई निसटली, त्यानं उचलली, निसटली, उचलली. विसाव्या वेळी तिचा वेग त्याच्या लक्षात आला. ती पडत नव्हती, घसरत होती. बफच्या चाकावर मारून मारून त्यानंच तिला आरशासारखी केली होती. उद्यमनगरात असं पॉलिश दुसऱ्या कुणाच्या हातचं नव्हतं, आणि तेच पॉलिश आक्कांच्या मुळावर आलं होतं. दोन हात असलेल्या बाईला निसरडी सुई म्हणजे सुख. एक हात असलेल्या बाईला धरून बसणारी सुई हवी होती.

टॉवेल सोडून त्यानं खरखरीत एमरी कागद घेतला आणि स्वतःच्या हातानं आपली चकाकी उतरवली. ते करताना त्याला जरा वाईट वाटलं. सुई आता सटकत नव्हती, पण स्टीलच्या वजनानं झुकायची आणि झुकत झुकत अखेर पडायचीच.

संध्याकाळी त्यानं हे सगळं बायडाबाईला सांगितलं. ती बराच वेळ पट्टी उसवत बसली होती. मग म्हणाली, “आमच्या मलकापुरात अंबूबाई हाय, टोपल्या विणणारी. तिची वेतात फट करायला घालायची काडी मेसाची असती. हलकी, आणि हातातनं सुटत न्हाय.”

मेस म्हणजे भरीव जातीचा बांबू. आकारामनं आयुष्यभर लोखंडच कापलं होतं. लाकडाला तो माल समजत नसे. तरी रविवारी पहाटेच्या एसटीनं तो मलकापूरला गेला.

अंबूबाई अंगणात टोपलीचा काठ बांधत होती. तिनं त्याचं बोलणं अर्धंच ऐकलं.

“सुया करायच्या? कोवळा नेऊ नगा, वाकंल. म्हातारा नेऊ नगा, चिरंल. तीन वर्साचा पायजे, चुलीवर धुरात सुकल्याला.” उठून चुलीवरच्या आढ्यातून तिनं दोन काठ्या ओढून काढल्या, वाजवून बघितल्या, एक परत खोचली. “ही न्या. आणि पावणं, मशिनीवर धरू नगा. सुरीनं सोला, मग काचंच्या तुकड्यानं खरवडा. गाठीच्या मधलंच घ्या.”

आकारामनं तसंच केलं. चार दिवस, घरच्या पायरीवर बसून, सुरी आणि काच. पहिल्या तीन सुया मोडल्या. चौथी सरळ आली. व्हर्निअर लावून पाहिलं तर ती दहा नंबरला केसभर कमी होती. ती त्यानं बाजूला ठेवली आणि पाचवी, मग तिच्या जोडीची सहावी केली. टोकाला खोबरेल तेल चोळलं, नुसतं पुसून घेतलं, चकाकी येऊ दिली नाही.

दसऱ्याला सहा दिवस उरले होते. शाहूपुरीतल्या पुढच्या खोलीत एसटीडी बूथच्या काचा आधीच येऊन भिंतीला टेकल्या होत्या. आक्कांनी त्याला पाहिलं, काचांकडं पाहिलं, आणि टेबलाजवळ बसल्या. या वेळी मुलगा आणि सून दोघंही उभी राहिली.

आक्कांनी दहा टाके घातलेली मेसाची एक सुई शिकंज्यात खटक्यानं बसवली. जोडीतली दुसरी पहिल्या टाक्यात घातली. हात सोडला.

सुई लोंबत राहिली. जराशी हलली, पण पडली नाही.

त्यांनी लोकर उचलली, टोकावरून फिरवली, पुन्हा सुई धरली आणि टाका ओढून घेतला. मग दुसरा, मग तिसरा. दहा टाके व्हायला पाच-सहा मिनिटं लागली असतील. आकाराम एकेक टाका मोजत होता. ओळ संपली तसा आक्कांनी अंगठ्यानं खटका दाबला, भरलेली सुई तिथं चढवली, मोकळी हातात घेतली आणि दुसरी ओळ सुरू केली.

पाच ओळी झाल्यावर त्यांनी विणलेलं उजेडाकडं धरलं.

“सैल झालंय,” त्या म्हणाल्या. “हाताला सवय न्हाय. आठ दिवसांत बसंल.” मग गुंडा चाचपत म्हणाल्या, “लोकर मात्र अस्सल लागंल, बघ. ही नायलॉनची झुळझुळीत नको. अस्सल लोकरीला धरून ठेवायची बुद्धी असती.”

मुलगा पुढं आला. त्यानं आईच्या हातातली पट्टी घेऊन उलटसुलट बघितली.

“काचा परत पाठवतो,” तो म्हणाला.

आक्कांनी मान हलवली, जणू एवढं ठरलेलंच होतं. मग आकारामकडं वळल्या. “बारा नंबरची एक जोडी लागंल. मोज्यासाठी. आणि आठ नंबरच्या दोन. बाराची बारीक असती, करताना मोडंल, सांभाळून कर.”

आभार मानायच्या त्या बाई नव्हत्या. आकाराम रस्त्यावर आला तेव्हा त्याला कळलं की आपण हसतोय. स्टेशन रोडवरून घरापर्यंत तो चालतच गेला. वाटेत दोन ओळखीचे भेटले, त्यांनी विचारलं, काय रं, लॉटरी लागली का? तो म्हणाला, व्हय.

दसऱ्याला क्लास सुरू झाला. पुढं नऊ वर्षं चालला. एका हाताच्या बाईकडं शिकलेल्या मुली दोन हातांनी भराभर विणायच्या, आणि कुणी कंटाळा केला की आक्का नुसत्या आपल्या शिकंज्याकडं बघायच्या. आकाराम दर उन्हाळ्यात मलकापूरला जाऊन मेसाच्या काठ्या आणायचा. कारागिरांनी हळूहळू हसणं सोडलं आणि आण्णांनी शेडच्या मागच्या भिंतीला काठ्या सुकवायला जागा करून दिली.

दोन हजार तीनच्या मार्गशीर्षात एक माणूस शेडवर आला. पस्तिशीचा, दणकट, सदऱ्याची डावी बाही कोपरापासून दुमडून टाचलेली. बरोबर त्याची बायको होती, तिच्या हातात रुद्राणीआक्कांची चिठ्ठी. चिठ्ठीत फक्त दोन ओळी होत्या: हा बाळाप्पा, बिद्रीजवळचा. ह्याला बघ.

बायकोनंच सांगितलं. गुऱ्हाळाच्या चरकात हात गेला होता. त्याला दीड वर्ष झालं. माणूस दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसतो, जेवायलाही हाक मारावी लागते. आक्कांचं नाव कुणाकडून कळलं म्हणून ती त्याला ओढून घेऊन गेली होती.

बाळाप्पा जमिनीकडं बघत म्हणाला, “आमी गडी माणसं. हे बायकांचं काम. ही उगंच घिऊन आलीया.”

आतले कारागीर कामं थांबवून बघत होते. आकारामनं त्याला आत ये म्हटलं नाही. तो स्वतःच स्टूल घेऊन बाहेर आला आणि शेडच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, ते टेकवलं. दुसरं स्टूल बाळाप्पासाठी ठेवलं. समोरून टेम्पो जात होते, पलीकडच्या चहाच्या गाड्यावर दहाबारा माणसं उभी होती. त्यानं दाराजवळच्या बाकाच्या कडेला स्वतःसाठी केलेला शिकंजा लावला, डावा हात पॅन्टच्या खिशात घातला आणि अर्धं झालेलं कानटोपं पुढं ओढलं.

“मी कोण हाय मग?” तो म्हणाला. “बसा पावणं. नुसतं बघा.”

बाळाप्पा उभाच राहिला. आकारामनं सुई घातली, सोडली, लोकर फिरवली. चहाच्या गाड्यावरचे दोघंतिघं वळून बघू लागले. एकजण काहीतरी बोलला आणि बाकीचे हसले. थोड्या वेळानं स्टूल घासल्याचा आवाज आला. बाळाप्पा बसला होता, आणि आकारामच्या बोटांवर नजर रोखून पुढं वाकला होता.

आकारामनं मान वर केली नाही. अजून चौदा टाके बाकी होते.