मलमलीच्या पिशवीतलं अंजीर

ऑपरेशन झाल्यापासून मीराबाईंच्या तोंडाची चवच गेली होती. दोन घास कसेबसे खायच्या आणि ताट बाजूला सारायच्या. म्हणूनच एका सकाळी त्या आपणहून म्हणाल्या, "आपल्या झाडाचं अंजीर खावंसं वाटतंय," तेव्हा राजारामांना आकाश ठेंगणं झालं.

द्वारकेतल्या त्यांच्या तळमजल्याच्या फ्लॅटमागे ते झाड होतं. पण अंजीर पिकू लागलं की भुंगेरे हजर! मऊ फळ पोखरून आत तोंड खुपसून बसायचे, लग्नाच्या पंगतीला आल्यासारखे.

"अंकल, स्प्रे मार दो, बात खतम," शेजारचा हितेश म्हणाला. पण फळ जायचं होतं आजारी माणसाच्या पोटात. शिवाय दोघं नवराबायको रोज संध्याकाळी पंचशील म्हणायची. जीवहत्या करणार नाही असं हात जोडून म्हणायचं आणि सकाळी फवारणी करायची, हे राजारामांना कसं जमावं? ते भुंगेरे डब्यात धरून समोरच्या पार्कात सोडून येत. भुंगेरे त्यांच्याआधी घरी पोचत.

शेवटी एकच चांगलं फळ उरलं. राजारामांनी जुनी मलमलीची ओढणी फाडून पिशवी शिवली आणि दिवेलागणीला फळावर घट्ट बांधली. "उद्या, मीरा, उद्या," असं रोज सांगत राहिले.

मग एकदाची मीराबाईंसमोर गाठ सोडली. आत अर्धं अंजीर आणि खाऊन टम्म झालेला भुंगेरा. अंधारात चोराला आत घेऊनच त्यांनी कडी लावली होती.

राजारामांनी पायातली चप्पल उचलली. "एवढ्या महिन्यांत एक गोष्ट मागितलीस तू. तेवढीही मला देता आली नाही!"

"अहो, चप्पल घाला पायात. आणि सोडा त्याला."

त्यांनी सोडलं.

"आता उरलेलं कापून द्या."

"बिल्कुल नाही! किड्याचं उष्टं?"

"त्याला पोटभर जेवू घातलंत, मला अर्धंही नाही?"

राजारामांनी अंजीर धुतलं, पोखरलेला भाग काढून टाकला आणि राहिलेली फोड पुढे केली. मीराबाईंनी ती सावकाश चावून खाल्ली, बोटंसुद्धा चाटली. मग जरा लाजतच विचारलं, "सकाळची एखादी पोळी उरली असेल का हो?"

पोळी होती. पण ओल्या डोळ्यांना डबाच सापडेना.