पंख्यामागचं पोतं

वहिनीनं पिकाच्या खोलीतून उपटून आणलेला आळिंबीचा झुबका दिराच्या तोंडावर फेकून मारला.

देठ वीतभर अन् टोपी शर्टाच्या बटणाएवढी. हवा कोंडली की आळिंबी अशीच मान ताणते. मागचा सगळा माल म्हशीपुढं टाकावा लागला. हाही गेला तर व्यापारी दारात उभं करणार नव्हता. खोलीतली हवा दिराच्या परसात फेकणाऱ्या पंख्याची मोटारही जळका वास मारायला लागली, तेव्हा तिनं दाराबाहेरचं बटण बंद केलं आणि भिंतीला वळसा घालून त्याच्या परसात आली. बघते तर पंख्याच्या भोकात पोतं ठासलेलं.

"मीच बुजवलं," दीर दात कोरत म्हणाला. "पोरीला बघायला आलेले नाकाला रुमाल लावून उठले. घरात काय मेलंय म्हणून विचारत होते."

"पंख्याला पाईप लावून छपराच्या वर नेणार आहे, सांगितलं होतं ना भावजी? आणून पडलाय. शिडी धरायला कोण आहे मला?"

"चार महिने हेच ऐकतोय. तोवर आम्ही नाकं कापून खुंटीला टांगायची का?"

ती पोतं ओढायला गेली. त्यानं फावड्याचा दांडा उचलून तिच्या मनगटावर घातला. हाड कटकन वाजलं.

"आता रोगाचं मूळच उपटतो," म्हणत तो वळसा घालून खोलीत घुसला आणि आळिंबीच्या टांगलेल्या पिशव्या फाडायला लागला. मागून वहिनीनं डाव्या हातानं कडी घातली.

आधी शिव्या आल्या. मग पिशव्या पडल्याचे धपधप आवाज. मग खोकला.

"वहिनी, दार उघडा. डोळे झोंबतायत."

"तुम्हीच कोंडलेला वास आहे. घ्या पोटभर."

तो मांडणीवर चढला, पंख्याच्या पात्यांतून हात कोपरापर्यंत घातला आणि पोतं बाहेर ढकलू लागला. परसातून जाऊ पळत आली. वहिनीचं बोट बटणावर होतं. डोळे दाराच्या फटीतून त्या हाताकडं.

"जाऊबाई, बोट काढा," जाऊ रडत म्हणाली. "पाया पडते."

वहिनीचं बोट हललं नाही. पलीकडं पोतं धप्पकन पडलं.

"हात काढून घ्या भावजी. पंखा लावतेय."

हात निघाला की नाही, ते तिनं नीट बघितलं. मगच बटण दाबलं, कडी काढली. तो उंबऱ्यातच ओकला. पात्याच्या पत्र्यानं कातडं सोललेलं, कोपरावरून रक्त टपकत होतं.

वहिनीनं सुजलेलं मनगट पदरात बांधलं.

"तोंड धुवा आणि शिडी आणा. पाईप आजच चढवायचा."

तो शिडी आणायला गेला.