मेंढ्या नव्हत्या

मित्रांनो, मी एक जुना भूकंपमापक आहे. शाळेच्या व्हरांड्यात, काचेच्या कपाटात बसलेला. माझ्या पायाशी वर्षानुवर्षं एक पाटी होती: 'सदोष यंत्र. वापरातून काढलेले.' मुलं ती मोठ्यानं वाचायची नि पुढे पळायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण माझी खरी लाज त्या पाटीची नाही. ती वेगळीच आहे, आणि आज एकदाची सांगून टाकतो.

आमचा आइसलंड म्हणजे मधोमध उसवत चाललेला देश. वर्षाला बोटाच्या पेराएवढी जमीन दोन बाजूंना सरकते, खालचा तापलेला शिलारस वर यायला वाट शोधतो आणि फडताळातल्या बश्या वाजायला लागतात. अशा ठिकाणी माझ्यासारख्याला काय काम कमी! राजधानीतल्या एका म्हाताऱ्या घड्याळजीनं पितळ, पोलाद आणि एक जड लंबक जुळवून मला घडवलं, आणि माझी रवानगी स्टेनहोल्टच्या शेतावर झाली.

तिथली मालकीण ऑडनी. तिनं मला तळघरात, थेट खडकावर बसवून घेतलं. रोज सकाळी ती माझा कागद बदलायची, शाई भरायची, मऊ फडक्यानं मला पुसायची. जी थरथर भूकंपाची नसेल तिच्या शेजारी पेन्सिलीनं कारण लिहायची: 'ट्रॅक्टर', 'दार आपटलं', 'केतिल जिन्यावरून घसरला'. केतिल तिचा नवरा. बारीक धक्के ओळीनं येऊ लागले की तिनं राजधानीतल्या भूकंपाच्या कचेरीला लगेच फोन करायचा, असा नियम होता. मग रेडिओवरून सांगत, जुन्या दगडमातीच्या गोठ्यांत जाऊ नका. दोनदा तिच्या फोनमुळे माणसं वेळेत बाहेर पडली. त्यानंतर लोक मला बघायला यायचे, कॉफी प्यायचे आणि माझ्यासमोर धपाधप उड्या मारून सुई नाचवायचे. मी अगदी फुशारून जायचो.

सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून खाली येत. उन्हाळाभर मोकाट चरलेल्या हजारो मेंढ्या आमच्या दारावरूनच दगडी कोंडवाड्यात जात. तिथे कानांवरच्या खुणा बघून ज्याच्या त्याला वाटून देत. त्या दिवशी माझी सुई नुसता धुमाकूळ घालायची. कागदावर जाड, केसाळ रेघ उमटायची. "ऑडनी, तुझं यंत्र मेंढ्या मोजतंय बघ!" म्हणून सगळे हसायचे. मला ते कौतुक भारी आवडायचं. मी आणखी थयथय नाचायचो. मित्रांनो, इथेच माझं चुकलं.

वाटपाच्या दिवशी ऑडनीला श्वास घ्यायलाही फुरसत नसे. म्हणून सकाळी कागद चढवतानाच ती समासात आधी लिहून ठेवायची: 'मेंढ्या'. बारा वर्षं हेच चाललं.

तेराव्या वर्षीही तिनं तसंच लिहिलं. थोड्याच वेळात दाट धुकं उतरलं. मेंढ्या नि मेंढपाळ वर माळावरच अडकले. निरोप आला, आज काही येत नाही; केतिल तेव्हा घरात नव्हता. शंभर माणसांसाठी चढवलेल्या रश्श्याचं काय करायचं ते विचारायला ऑडनी शेजारणीकडे गेली.

आणि माझ्याखालचा खडक थरथरू लागला. ओळीनं, न थांबता. मी जिवाच्या आकांतानं रेघा ओढल्या. पण कसल्या? त्याच जाड, केसाळ. मला दुसरी अक्षरंच कुठे येत होती!

केतिल बटाटे न्यायला खाली आला. त्यानं नाचणारी सुई बघितली. शेजारी बायकोचं अक्षर बघितलं.

"आल्या म्हणायच्या! आणि ही बाई मला साधी हाक मारत नाही," तो पुटपुटला. धुक्यात चार पावलांपुढचं दिसत नव्हतं. तो तसाच आपल्या वाट्याच्या मेंढ्यांसाठी जुना गोठा उघडायला धावला. तो गोठ्यात असतानाच मोठा धक्का बसला आणि दगडी भिंत त्याच्यावर आली.

ऑडनीनं नि शेजाऱ्यांनी हातांनी दगड उपसून त्याला बाहेर काढलं. जीव वाचला. पण पाय कायमचा अधू झाला.

दुसऱ्या दिवशी ऑडनी तळघरात आली. हातात फडकं नव्हतं, खोडरबर होतं. तिनं तो एक शब्द खोडला. कितीतरी वेळ खोडत राहिली. मग कचेरीतला रेनिर कागद न्यायला आला.

"सकाळभर एवढं हलत होतं, आणि तू फोन केला नाहीस?"

"हल्ली ते उगाचच हलतं," ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली. "कुणी त्याच्यावर विसंबायचं?"

मी खोटा ठरलो. मला राग यायला हवा होता, पण आली ती लाज. बारा वर्षं हशासाठी नाचलो होतो, मग त्या दिवशी माझं खरं कोण मानणार?

पुढे गोदामातली धूळ खाल्ली, मग हे कपाट लाभलं. तीस वर्षं गेली. गेल्या सप्टेंबरात, मेंढ्यांच्या वाटपासाठी शाळेला सुट्टी असताना, काठी टेकत ऑडनी आली. मागून लंगडत केतिल.

"अगं, आता कुणाला पडलंय त्याचं?"

"मला पडलंय. तुला ठाऊक नाही मी काय केलं ते."

"ठाऊक आहे. इस्पितळातून आलो तेव्हा तळघरात रबराचा चुरा पडला होता. मीच झाडून काढला."

ऑडनी त्याच्याकडे वळली. "तीस वर्षं बोलला नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

तिनं कपाट उघडलं. पिशवीतलं फडकं काढून आधी मला पुसलं. मग पाटी उचलली आणि जुन्या मजकुराखाली, या वेळी पेनानं, लिहिलं: 'यंत्र ठीक होते. मेंढ्या नव्हत्या. ऑडनी.'

मित्रांनो, माझ्यासारख्यांना अधूनमधून पुसत जा, एवढं मागणं तर आहेच. पण त्याहून मोठं मागणं हे, की समासात उत्तर आधीच लिहून ठेवू नका. सुई हलली की दार उघडा. धुकं असलं तरी बाहेर जा, आणि मेंढ्या खरंच आल्यात का ते बघा.